गुंजभर सेलेनियम

शेळीच्या खुराकात काय काय असावे असे विचारले, तर तुम्ही पाला, कडबा, भरडा, पेंड, मीठ अशी यादी सांगाल. या यादीच्या अगदी शेवटी एक नाव येते, आणि त्याचे रोजचे प्रमाण इतके थोडे असते की ते चिमटीत धरता येत नाही. ते नाव म्हणजे सेलेनियम. चाळीस किलोग्रॅम वजनाच्या शेळीला वर्षभरात लागणारे सगळे सेलेनियम एकत्र केले, तरी ते सोनाराच्या तराजूतील एका गुंजेहून कमीच भरते. पण तेवढे मिळाले नाही, तर धडधाकट जन्मलेले करडू काही आठवड्यांत उभे राहीनासे होते. उलट गरजेच्या अनेक पट सेलेनियम पोटात जात राहिले, तर जनावराचे केस गळतात, खुरांना चिरा पडतात. आणि एकदम फार गेले, तर काही तासांतच ते दगावते.

म्हणून ‘शेळीला सेलेनियम द्यावे की देऊ नये’ हा प्रश्न अपुरा आहे. चाऱ्यातून किती मिळते, एकूण किती हवे, आणि उरलेले तेवढेच प्रत्येक शेळीच्या पोटात जाईल याची खात्री कशी करावी, असे तीन प्रश्न विचारायला हवेत. हे तिन्ही प्रश्न मोजमापाचे आहेत. पशुवैद्यकाच्या या विषयात भौतिकीचा शिक्षक का डोकावतो आहे, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

चंद्राच्या नावाचे मूलद्रव्य

सेलेनियमचा शोध स्वीडनमध्ये १८१७ साली लागला. गंधकाम्लाच्या एका कारखान्यात तळाशी साचणारा तांबूस गाळ बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने तपासावयास घेतला. त्यात टेल्युरियम असावे असे प्रथम वाटले. पण अधिक तपासणीनंतर ते नवेच मूलद्रव्य ठरले. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडले होते, तेव्हा त्याच्या या भावंडाला ग्रीक चंद्रदेवता सेलेनी हिचे नाव मिळाले.

आवर्तसारणीत सेलेनियमचा अणुक्रमांक ३४ असून ते गंधकाच्या बरोबर खाली बसते. हे शेजारपण लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला फार उपयोगी पडणार आहे. भौतिकीत सेलेनियम प्रसिद्ध झाले ते १८७३ साली. समुद्राखालून जाणाऱ्या तारांच्या चाचणीसाठी विलोबी स्मिथ हा इंग्रज अभियंता सेलेनियमच्या कांड्या रोध म्हणून वापरीत होता. त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यांचा विद्युत्‌रोध कमी होतो, असे त्याला दिसून आले. पुढे याच मूलद्रव्यापासून छायाचित्रकारांचे प्रकाशमापक, विद्युत्‌ प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी साधने आणि कागदपत्रांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांतील दंडगोल तयार झाले. जीवशास्त्रातली त्याची कहाणी मात्र वेगळ्याच वाटेने गेली.

आधी विष, मग अन्न

अमेरिकेच्या मध्यभागी, आज जो भाग साउथ डकोटा राज्यात येतो, तेथील फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर मॅडिसन नावाचा डॉक्टर होता. घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात, खूर सुजून तडकतात आणि घोडे लंगडू लागतात, असे त्याने १८५६ साली लिहून ठेवले. पुढे तेथे वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गुराढोरांतही हाच रोग दिसू लागला. पाण्यातील क्षारांमुळे तो होतो, असा त्यांचा समज होता. १९३० नंतरच्या काही वर्षांत खरे कारण उमगले. त्या जमिनीत सेलेनियम भरपूर होते, ते चाऱ्यात व धान्यात उतरत होते, आणि जनावरांना त्याची विषबाधा होत होती. तेव्हापासून सेलेनियम म्हणजे विष अशीच त्याची ओळख झाली.

१९५७ साली या ओळखीला धक्का बसला. क्लाउस श्वार्ट्‌झ आणि कॅल्विन फोल्ट्‌झ हे संशोधक उंदरांवर प्रयोग करीत होते. विशिष्ट प्रकारचा आहार दिला की उंदरांच्या यकृताचा काही भाग मरत असे. यीस्टमधील कोणता तरी घटक त्यांना यापासून वाचवतो, हे कळले होते. पण तो घटक कोणता, हे कळले नव्हते. तो सेलेनियमयुक्त निघाला. ज्याला विष म्हणून हद्दपार केले होते, तेच अत्यल्प प्रमाणात जगण्यास आवश्यक ठरले!

पाठोपाठ १९५८ साली ओरेगॉन राज्यातून दुसरी बातमी आली. तेथे कोकरांमध्ये एक विचित्र रोग होता. कोकरू ताठ पायांनी चाले, मग मागचे पाय टेकेनासे होत, आणि अनेकदा ते मरून जाई. मेलेल्या कोकराचे स्नायू लालबुंद न दिसता फिकट, पांढरट पट्ट्यांचे दिसत. म्हणून याला पांढऱ्या स्नायूंचा रोग असे नाव पडले. म्यूथ, ओल्डफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी रोग होत असलेल्या भागातील वाळका चारा गाभण मेंढ्यांना घातला आणि काही मेंढ्यांच्या खुराकात दहा लक्ष भागांस केवळ ०.१ भाग एवढे सेलेनियम मिसळले. या मेंढ्यांची कोकरे रोगातून वाचली.

शेळ्यांच्या करडांना हाच रोग तशाच रीतीने होतो. जे स्नायू सर्वांत अधिक राबतात, तेच आधी बिघडतात. मांड्यांचे स्नायू बिघडले तर करडू उठू शकत नाही. जिभेचे व घशाचे बिघडले तर त्याला दूध ओढता येत नाही. आणि हृदयाचा स्नायू बिघडला तर उड्या मारणारे करडू अचानक कोसळते. सेलेनियम आईच्या रक्तातून गर्भाकडे जाते. त्यामुळे करडाची काळजी ते जन्मण्यापूर्वीच, शेळी गाभण असताना घ्यावी लागते.

ठिणगी विझवणारा पहारेकरी

एवढ्याशा सेलेनियमने असे काय होते? याचे उत्तर मिळण्यास १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉट्रक, होक्स्ट्रा व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमात सेलेनियम असते. एंझाइम म्हणजे शरीरातील रासायनिक विक्रिया घडवून आणणारे, पण स्वतः खर्च न होणारे प्रथिन.

स्नायू राबतात तेव्हा ते ऑक्सिजन वापरतात. या कामात थोडी पेरॉक्साइडे तयार होतात. चुलीत लाकूड जळताना ठिणग्या उडाव्यात, तसाच हा प्रकार. ही पेरॉक्साइडे पेशींच्या पटलांतील मेदावर हल्ला करतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि ही साखळी पुढे चालू राहते. वर सांगितलेले एंझाइम पेरॉक्साइडांचे निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करते. हायड्रोजन पेरॉक्साइडाचे तर चक्क पाणी होते. जीवनसत्त्व ई हे पटलातच बसून बिघाडाची साखळी तोडते. एक ठिणगी विझवतो, तर दुसरा पेटलेली काडी बाजूला काढतो, असे म्हणा ना! म्हणूनच या रोगावरील औषधात बहुधा सेलेनियम व जीवनसत्त्व ई ही दोन्ही एकत्र असतात.

एंझाइमाच्या एका रेणूत सेलेनियमचे अवघे चार अणू असतात. एंझाइम खर्च होत नसल्याने तेच अणू पुन्हा पुन्हा कामी येतात. गरज इतकी थोडी का, याचे कारण येथे सापडते.

माती ठरवते

शेळी सेलेनियम घेते चाऱ्यातून, चारा घेतो मातीतून, आणि माती होते खडकापासून. ज्वालामुखीच्या उद्रेकात सेलेनियमचा बराचसा अंश वायुरूपाने निघून जातो. त्यामुळे अशा खडकांपासून झालेल्या माती बहुधा सेलेनियमने गरीब असतात. न्यूझीलंडमधील ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांची जमीन हे याचे ठळक उदाहरण होय. उलट साउथ डकोटातील प्राचीन समुद्रतळाच्या चिकणखडकांत ते साठून राहिले आहे.

पण मातीत किती आहे, एवढ्यावरच भागत नाही. झाडाला त्यांतले किती घेता येते, हेही पाहावे लागते. कोरड्या, क्षारीय जमिनीत सेलेनियम सेलेनेटच्या रूपात असते. ते पाण्यात विरघळते व मुळांना सहज मिळते. आम्लधर्मी, भरपूर पावसाच्या जमिनीत ते सेलेनाइटच्या रूपात लोहाच्या संयुगांना चिकटून बसते. आता गंधकाचे शेजारपण आठवा. झाडाची मुळे सल्फेट ज्या वाटेने आत घेतात, त्याच वाटेने सेलेनेटही शिरते. साहजिकच जमिनीत सल्फेट वाढले की सेलेनेटला वाट कमी मिळते.

पंजाबात याचा प्रत्यक्ष उपयोग झाला आहे. शहीद भगतसिंग नगर, म्हणजे पूर्वीचा नवाशहर जिल्हा, आणि होशियारपूर या भागांत शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळामुळे काही गावांच्या जमिनीत सेलेनियम फार आहे. तेथील पिकांत ते कमी उतरावे यासाठी लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी शेतात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालण्याचा उपाय सुचवला. एकाच आवर्तसारणीच्या एका उभ्या ओळीत एवढे व्यवहारज्ञान भरलेले आहे!

आता हिशेब

खाद्यातील सेलेनियमचे प्रमाण ‘दहा लक्ष भागांत किती भाग’ असे सांगतात. एक किलोग्रॅम म्हणजे दहा लक्ष मिलिग्रॅम. म्हणून दहा लक्ष भागांत एक भाग म्हणजेच एका किलोग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम. शेळीच्या कोरड्या खाद्यात हे प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ असावे लागते. आपण मधले ०.२ घेऊ.

चाळीस किलोग्रॅमची शेळी दिवसाला सुमारे दीड किलोग्रॅम कोरडे खाद्य खाते असे धरा. हिरव्या पाल्यातील पाणी यात मोजायचे नाही. तेव्हा तिची रोजची गरज झाली १.५ × ०.२ = ०.३ मिलिग्रॅम. वर्षाची गरज ०.३ × ३६५, म्हणजे सुमारे ११० मिलिग्रॅम, अथवा ०.११ ग्रॅम. गुंजेचे वजन सुमारे ०.१२ ग्रॅम असते. लेखाच्या प्रारंभी केलेले विधान आता तुम्हाला पडताळून पाहता येईल. तसेच, एक ग्रॅम सेलेनियम एका शेळीला नऊ वर्षे पुरून उरेल, हेही सहज काढता येईल.

आता दुसरे टोक पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ साली गुरे व मेंढ्या यांच्या खाद्यासाठी सहन होण्याजोगी कमाल मर्यादा दहा लक्षांत ५ भाग अशी ठरवली. आपल्या शेळीला हेच प्रमाण लावले, तर ते रोजचे ७.५ मिलिग्रॅम होतात. म्हणजे गरज आणि धोका यांच्यात पंचवीस पटींचे अंतर आहे. पंचवीस पटी ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ७.५ मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या थोड्याशा कणांचे वजन! नुसत्या डोळ्यांना ०.३ आणि ७.५ यांतला फरक कळणे अशक्यच. अमेरिकेत खाद्यात मिसळावयाच्या सेलेनियमवर १९८७ पासून दहा लक्षांत ०.३ भाग अशी मर्यादा घातली गेली, ती याच कारणाने.

एक टनात अर्धा ग्रॅम कसा कालवावा?

खाद्यात सेलेनियम घालताना बहुधा सोडियम सेलेनाइट वापरतात. त्याच्या रेणूत सोडियमचे दोन, सेलेनियमचा एक व ऑक्सिजनचे तीन अणू असतात. अणुभारांची बेरीज ४६ + ७९ + ४८ = १७३ होते. १७३ पैकी ७९ भाग सेलेनियमचे, म्हणजे सुमारे ४६ टक्के. एक टन खाद्यात ०.२ ग्रॅम सेलेनियम हवे असेल, तर सोडियम सेलेनाइट लागेल सुमारे ०.४४ ग्रॅम. ते टनभर खाद्यात सारखे पसरावयाचे आहे!

समजा, या क्षाराचे कण एक मिलिमीटर बाजूच्या घनाएवढे आहेत. त्याची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट असल्याने एका कणाचे वजन ३ मिलिग्रॅम होईल. ०.४४ ग्रॅममध्ये असे १४७ कण मावतील. हे १४७ कण १,००० किलोग्रॅम खाद्यात कितीही घोटून मिसळा. शेळीच्या दीड किलोग्रॅमच्या वाट्याला सरासरी ०.२२ कण येणार. पाव कण कोणाच्याच वाट्याला येत नाही. याचा अर्थ असा, की त्या दिवशी पाचांतील साधारण चार शेळ्यांना काहीच मिळणार नाही आणि एखादीला एकदम १.४ मिलिग्रॅम सेलेनियम, म्हणजे गरजेच्या साडेचार पट मिळेल. कागदावर सरासरी मात्र अगदी बरोबर!

तोच क्षार दळून ०.१ मिलिमीटरचे कण केले, तर प्रत्येक कणाचे वजन हजार पटींनी घटते आणि कणांची संख्या हजार पटींनी वाढते. आता प्रत्येक शेळीच्या वाट्याला सरासरी २२० कण येतात. यदृच्छेने विखुरलेल्या कणांच्या बाबतीत संख्येतील चढउतार साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. २२० चे वर्गमूळ सुमारे १५. म्हणजे फरक अवघा ७ टक्के. हा फरक शेळीला सहज सोसतो.

म्हणून खाद्याच्या कारखान्यात पहिला नियम असा, की क्षार अतिशय बारीक हवा. दुसरा नियम टप्प्याटप्प्याने मिसळण्याचा. आधी क्षार थोड्या खडूच्या भुकटीत, ते मिश्रण अधिक भुकटीत, आणि शेवटी ते सगळे खाद्यात. शेतकऱ्याच्या हाती जे खनिज मिश्रण किंवा चाटण वीट येते, त्यात सेलेनियम असलेच तर ते असे आधीच पातळ केलेले असते. शुद्ध क्षार घरी आणून अंदाजाने आंबोणात टाकणे म्हणजे जनावराच्या आणि स्वतःच्याही जिवाशी खेळ होय. कारण हा क्षार माणसालाही तितकाच विषारी आहे.

देण्याच्या रीती

खाद्यातून किंवा मिठातून देणे ही सर्वांत सोपी रीत. पण येथे रवंथ करणाऱ्या जनावरांचे एक वैशिष्ट्य आड येते. १९६० नंतरच्या दशकात सेलेनियम-७५ हे किरणोत्सर्गी समस्थानिक वापरून मेंढी व डुक्कर यांची तुलना करण्यात आली. या समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे १२० दिवस असून त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात. त्यामुळे पोटात गेलेल्या सेलेनियमपैकी किती शोषले गेले, हे उपकरणाने मोजता येते. डुकराने चार पंचमांशाहून अधिक शोषले, तर मेंढीने केवळ एक तृतीयांशाच्या आसपास! मेंढीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील सूक्ष्मजीव सेलेनाइटचे न विरघळणाऱ्या सेलेनियममध्ये रूपांतर करतात, आणि ते लेंड्यांवाटे निघून जाते. शेळीचे पोटही याच घडणीचे असते.

दुसरी रीत म्हणजे लोखंडाची भुकटी व सेलेनियम एकत्र दाबून केलेली जड गोळी. ती घशाखाली घातली की वजनामुळे पोटाच्या कप्प्यातच राहते आणि कित्येक महिने थोडे थोडे सेलेनियम सोडते. तिसरी रीत जमिनीतूनच देण्याची. न्यूझीलंडमध्ये कुरणांवर हेक्टरी १० ग्रॅम सेलेनियम खतातून टाकतात. हेक्टरी केवळ दहा ग्रॅम!

फिनलंडने तर १९८४ साली निर्णय घेऊन देशभरच्या खतांत सोडियम सेलेनेट मिसळावयास प्रारंभ केला. धान्यपिकांच्या खतासाठी किलोग्रॅममागे १६ मिलिग्रॅम सेलेनियम ठरले. पण तेवढे करून ते स्वस्थ बसले नाहीत. पिके, दूध, मांस आणि माणसांचे रक्त यांची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवली. प्रमाण वाढलेले दिसताच १९९० साली खतातील मात्रा ६ वर आणली. पुढे ती कमी पडते असे दिसले तेव्हा १९९८ साली १० केली आणि २००७ साली १५. द्यायचे, मोजायचे, सुधारायचे आणि पुन्हा मोजायचे, हा धडा यातून घेण्याजोगा आहे.

चौथी रीत इंजेक्शनची. रोग दिसू लागलेल्या करडाला वाचवण्यास ती सर्वांत जलद; पण सर्वांत नाजूकही तीच.

एका बाटलीचे अंतर

अमेरिकेत मेंढ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या एका औषधाच्या मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम सेलेनियम असते. दोन आठवड्यांवरील कोकरांसाठी त्याची मात्रा दर १८ किलोग्रॅम वजनास १ मिलिलिटर, म्हणजे शरीराच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ०.०५५ मिलिग्रॅम अशी आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, कोकरांना इंजेक्शनाने दर किलोग्रॅमला सुमारे ०.४५ मिलिग्रॅम सेलेनियम दिले असता त्यांतील निम्मी दगावतात, असे आढळले होते. म्हणजे येथे औषध व मृत्यू यांच्यात पंचवीस नव्हे, आठच पटींचे अंतर उरते. खाद्यातले सेलेनियम रवंथाच्या पोटातून गाळून येते. सुईवाटे दिलेले सगळेच रक्तात जाते.

मोठ्या जनावरांसाठी त्याच औषधाची पाचपट तीव्र बाटलीही मिळते. आता तीन किलोग्रॅमचे नवजात करडू डोळ्यांसमोर आणा. वजन न करता, ‘एक मिलिलिटर तर आहे’ असे म्हणून सौम्य बाटलीतून पूर्ण मिलिलिटर टोचला, तर किलोग्रॅममागे ०.३३ मिलिग्रॅम झाले. धोक्याच्या अगदी उंबरठ्यावर. बाटलीची अदलाबदल होऊन तीव्र औषध टोचले गेले, तर १.६७ मिलिग्रॅम! ते करडू वाचण्याची आशाच नको. आईला गाभणपणी खनिज मिश्रण दिलेले, चाटण वीटही टांगलेली, चाराही सेलेनियमयुक्त जमिनीतला, आणि वर इंजेक्शन. अशी बेरीज तर कोणी करीतच नाही. सेलेनियम मात्र ती बिनचूक करते.

ही भीती काल्पनिक नाही. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात व्हेनेझुएलाच्या एका पोलो संघाचे २१ घोडे सामन्यापूर्वी एकाएकी कोसळून मरण पावले. त्यांना दिलेल्या टॉनिकात सेलेनियमचे प्रमाण चुकले होते. औषध योग्य होते, हेतू चांगला होता. चुकला तो आकडा.

अधिक सेलेनियमची झळ माणसालाही लागते. डिसेंबर २०२४ अखेर व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव भागातील काही गावांत लोकांचे केस थोड्याच दिवसांत गळून टक्कल पडू लागले, हे तुमच्या वाचनात आले असेल. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले आढळले, आणि पंजाबातून आलेल्या रेशनच्या गव्हात त्याचे मूळ असल्याचे त्यांनी मांडले. फोर्ट रँडलच्या घोड्यांच्या आयाळीची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मग आपल्या शेळीचे काय?

उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी पाळणाऱ्या शेतकऱ्याने ओरेगॉनची किंवा न्यूझीलंडची मात्रा जशीच्या तशी उचलू नये. ती मात्रा तेथील मातीसाठी आहे. आपल्या गोठ्यातील करडे ताठ पायांनी चालत असतील, दूध ओढत नसतील, किंवा चांगली दिसणारी करडे अचानक मरत असतील, तर पशुवैद्यांना बोलवावे. रक्तातील सेलेनियम किंवा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची क्रियाशीलता प्रयोगशाळेत मोजता येते. चारा व माती यांचीही तपासणी करता येते. उणीव ठरल्यावर मात्रा पशुवैद्यांनी ठरवावी आणि ती वजन करूनच द्यावी. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर छापलेले आकडे वाचून त्यांची बेरीज करणे, हे काम तर शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी घरच्यांना सहज करून देऊ शकेल.

‘अति तेथे माती’ असे आपण म्हणतो. सेलेनियमच्या बाबतीत उणे तेथेही मातीच! ही दोन टोके कोठे आहेत, हे केवळ तराजूच सांगू शकतो.

करून पाहा

(सेलेनियमचे क्षार विषारी असल्याने ते प्रयोगासाठी मुळीच घेऊ नयेत.)

१. एक किलोग्रॅम ज्वारी घ्या. ज्वारीचे ४० दाणे लाल शाईने रंगवून व वाळवून त्यात नीट मिसळा. आता ५० ग्रॅमचा एक असे वीस वाटे करा व प्रत्येकातील लाल दाणे मोजा. सरासरी २ येईल. पण काही वाट्यांत एकही दाणा नसेल, तर एखाद्यात ४ किंवा ५ असतील. नंतर वर्गातील सर्वांनी मिळून एकूण ४०० दाणे रंगवा व प्रयोग पुन्हा करा. सरासरी २० येईल. या खेपेस वाट्यांतील फरक सरासरीच्या मानाने किती कमी झाला?

२. काचेच्या बरणीत हरभरे व मोहरी एकत्र करून बरणी काही मिनिटे हलवा. मोहरी तळाशी जाते. ट्रकमधून दूरवर जाणाऱ्या खाद्यातील बारीक क्षाराचे काय होत असेल? तो दाण्यांना चिकटून राहावा म्हणून काय करता येईल?

प्रश्न

१. साठ किलोग्रॅम वजनाचा बोकड रोज २ किलोग्रॅम कोरडे खाद्य खातो. खाद्यात सेलेनियमचे प्रमाण दहा लक्षांत ०.०५ भाग आहे. एकूण प्रमाण ०.२ व्हावे यासाठी रोज किती मिलिग्रॅम सेलेनियम वरून द्यावे लागेल? त्यासाठी सोडियम सेलेनाइट किती लागेल?

२. हेक्टरी १० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला किती मिलिग्रॅम?

३. सेलेनियम-७५ वापरून केलेला प्रयोग ३६० दिवस चालला, तर प्रारंभीच्या किरणोत्सर्गी अणूंपैकी कितवा हिस्सा शिल्लक राहील?

४. जमिनीत जिप्सम घातल्यास चाऱ्यातील सेलेनियम कमी का होते? ज्या भागात सेलेनियमची आधीच उणीव आहे, तेथे गंधकयुक्त खते वापरताना कोणती काळजी घ्यावी लागेल?